खोटा झेंडा

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या फोटो प्रदर्शनात एक फोटो लागला होता, आठवतोय? लायब्ररीच्या जिन्याजवळच्या बोर्डवर, पहिल्या नंबरची लाल रिबीन लावलेला. चार हंस, पंख पूर्ण उघडलेले, पाय पुढे काढलेले, अगदी उतरायच्या बेतात. खाली पाणी, मागे सकाळचं धुकं. कॅप्शन होतं, 'स्वागत'.

तो फोटो माझा.

तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "लेन्स कुठली गं?", "किती तास थांबलीस?" मी हसून वेळ मारून नेली. कारण खरं उत्तर असं होतं की ते हंस आपणहून आलेच नव्हते. आम्ही त्यांना फसवून बोलावलं होतं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा उशिरा दिलेलं उत्तर समजा.

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटवाली. तुम्ही मराठी मीडियमवाले शाळेत नळराजाच्या हातात सापडलेला हंस शिकत होतात, तेव्हा आमच्या नर्सरीच्या पुस्तकावर चष्मा लावलेली मदर गूज बसलेली होती. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादकांना बोलू नका, मला बोला. असो.

गोष्ट सुरू होते आमच्या मिनी प्रोजेक्टपासून. माझी रूममेट पैठण तालुक्यातली. तिच्या घरची शेती नाथसागराच्या कडेला. धरणाचं पाणी मागे सरकलं की जी जमीन उघडी पडते, तिला गाळपेर म्हणतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. हिवाळ्यात तिथे हरभरा आणि गहू. आणि त्याच हिवाळ्यात तिथे हंस! तिच्या वडिलांची तक्रार साधी होती, "रातच्याला एवढाली बदकं उतरतात अन् कोवळे शेंडे खुडून जातात. तुम्ही इंजिनेर ना? मग करा काहीतरी."

इंजिनेर म्हटल्यावर आम्ही पेटलो. शेतात आधीपासून सगळे उपाय होते. बुजगावणं होतं, कडेने जुन्या साड्या बांधलेल्या होत्या, वाऱ्यावर घूंऽऽ करणारी कॅसेटची टेप ताणलेली होती. आम्ही भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली, जुन्या छत्रीचं काळं कापड दोन काठ्यांना बांधलं, खाली बारा व्होल्टची बॅटरी आणि वर एक टायमर. दर काही मिनिटांनी दोन काळे झेंडे फडफड फडफड करून थांबायचे. पहिले दोन दिवस एक पक्षी फिरकला नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी रिपोर्टचं 'कन्क्लूजन' लिहून टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला, "तुमच्या मशिनीपाशी आज जरा जास्तच उतरले होते. ते झेंडं हाकलू लागलं का बोलावू लागलं?"

आम्ही खूप हसलो. पण काका बरोबर बोलले होते.

माझा आतेभाऊ अमेरिकेत मिनेसोटाला असतो. त्याला ही गंमत सांगितली, तर तो म्हणाला, "अगं, इथे हंसांच्या शिकारीला जाणारे लोक नेमकं हेच करतात. त्याला फ्लॅगिंग म्हणतात." त्याच्या ऑफिसमधला एक जण दर सीझनला जातो. मग पद्धत कळली, आणि खरं सांगते, एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी म्हणून मी चाटच पडले.

शिकारी पहाटे अंधारात कापणी झालेल्या शेतात जातात. प्लास्टिकचे, कापडाचे खोटे हंस मांडतात, त्यांना म्हणतात डिकॉय. ते कसेही मांडत नाहीत. पक्षी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, म्हणून वारा पाहून मध्ये मोकळी जागा ठेवतात. उतरणाऱ्याला वाटावं, ही जागा आपल्यासाठीच रिकामी आहे! मग माणसं गवताने झाकलेल्या आडोशात आडवी पडून राहतात. पण किलोमीटरभर लांबून जाणाऱ्या थव्याला जमिनीवरचे निश्चल डिकॉय दिसणार कसे? तिथे झेंडा कामाला येतो. हातभर काठीला काळं कापड. ते वर न्यायचं आणि फडफडवत खाली आणायचं, जसा एखादा हंस पंख मारत जमिनीवर उतरतोय. लांबून आकार कळत नाही, रंगही धड कळत नाही. हालचाल मात्र कळते. थवा वळला की झेंडा कमी करायचा. पक्षी जवळ येऊन टक लावून बघायला लागले की झेंडा पूर्ण बंद. कारण जवळून खोटं उघडं पडतं. पुन्हा दूर जायला लागले तर पुन्हा दोन-चार झटके. कधी हलवायचं यापेक्षा कधी थांबायचं यात खरं कौशल्य आहे म्हणे.

आमच्या मशीनने नकळत तेच केलं होतं. थोडा वेळ फडफड, मग शांतता. जणू तिथे थोड्या थोड्या वेळाने एक काळा हंस उतरत होता!

आता प्रश्न असा, की हंस मूर्ख असतात का? तर अजिबात नाही. उलट हुशार असतात म्हणून फसतात. विचार करा. आकाशातून जाणाऱ्या पक्ष्याला खाली काय आहे ते कळायचा स्वस्तात स्वस्त मार्ग कोणता? आपल्यासारखे दुसरे तिथे उतरतायत का, ते बघणं. ते उतरत असतील तर तिथे खायला आहे, आणि ते आरामात असतील तर तिथे धोका नाही. शिवाय जितके जास्त तितके पहारा द्यायला डोळे जास्त. आपणही अनोळखी गावात गर्दी असलेल्या गाड्यावरच वडापाव खातो की नाही? तसंच. हा सिग्नल पिढ्यान् पिढ्या खरा ठरलेला आहे. शिकारी फक्त त्या खऱ्या सिग्नलची नक्कल करतो.

हालचालीवर पक्षी किती भरवसा टाकतात, यावर एक गाजलेला प्रयोग आहे. १९३७ साली ऑस्ट्रियात आल्टेनबर्गला कॉनराड लॉरेन्झ आणि निको टिनबर्गन या दोघांनी पुठ्ठ्याचे आकार कापून पिल्लांच्या डोक्यावरून तारेवर सरकवले. त्यातला एक आकार गमतीचा. एका दिशेने सरकवला तर लांब मानेचा हंस, उलट दिशेने सरकवला तर लांब शेपटीचा ससाणा. पुठ्ठा तोच, फक्त दिशा बदललेली. ससाण्यासारखा गेला की पिल्लं घाबरायची, हंसासारखा गेला की घाबरायची नाहीत. पुढच्या शास्त्रज्ञांनी यावर बराच वाद घातला. त्यांचं म्हणणं, ही भीती जन्मजात कमी आणि सवयीची जास्त आहे. रोज डोक्यावरून जाणाऱ्याची भीती वाटेनाशी होते. आमच्या मशीनचंही तसंच झालं असणार. दोघांना पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं, आम्हाला मात्र एक्स्टर्नलनी विचारलं, "मॅडम, याची ॲक्युरसी किती?"

प्रोजेक्ट तिथे संपला. माझ्या डोक्यातला किडा मात्र संपला नाही. गॅदरिंग जवळ येत होतं आणि मला फोटो हवा होता. आपल्या नाथसागरावर येणारा हा हंस साधासुधा नाही. त्याला मराठीत पट्टकदंब म्हणतात, इंग्रजीत बार-हेडेड गूज. पांढरं डोकं आणि त्यावर मागे दोन काळे पट्टे, जणू कोणी मार्करने ओढलेत. वजन दोन-तीन किलो. तिबेट, मंगोलियाकडे अंडी घालतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. पाठीवर ट्रान्समीटर बांधून केलेल्या अभ्यासात एक पक्षी ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेलाय. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी हा त्यांच्या वरून जाईल! तेही ऑक्सिजन सिलिंडर न लावता.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. रेक्टर मॅडमकडून दोन दिवसांची परवानगी काढली आणि रूममेटच्या घरी मुक्काम ठोकला. पहाटे पाच वाजता आम्ही तिघी बॅकवॉटरच्या कडेला बेशरमीच्या झुडपांत जाऊन बसलो. थंडी मी म्हणत होती. हंस रात्री शेतात चरतात आणि उजाडताना पाण्याच्या कडेला विश्रांतीला परत येतात, हे काकांनी सांगितलेलं. खरंच आले. पण फार लांबून, आमच्या उजव्या हाताला वळून जायला लागले. तेव्हा मी रूममेटला म्हटलं, "झेंडा काढ."

तिने छत्रीचं कापड बांधलेली काठी दोन वेळा वर-खाली केली. तिसऱ्यांदा फडफडवत खाली आणली. आणि मी तुम्हाला काय सांगू! चौदा-पंधरा हंसांची ती रांग आकाशात वाकली. एखाद्याने लांबून हाक मारावी आणि आपण मान वळवावी, तशी. एक फेरी मारली. दुसरी फेरी खाली. पंखांचा आवाज ऐकू यायला लागला. मग त्यांनी पंख पसरले, पाय काढले, ब्रेक मारला. मी बटण दाबून धरलं. चार जण अगदी समोर होते. आणि त्याच क्षणी त्यांना आम्ही दिसलो.

यानंतरचं फोटोत नाही. ते एकमेकांवर आदळल्यासारखे वर उसळले, ओरडले. त्यांच्या ओरडण्याने पलीकडच्या गाळावर आधीच बसलेला मोठा थवा उठला. शेकडो पक्षी. सगळे एकदम वर, आणि मग लांब, पाण्याच्या पार पलीकडे. पाच मिनिटांत किनारा रिकामा झाला. आम्ही मात्र कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर डोकी एकत्र करून आनंदाने किंचाळत होतो.

जाळी सोडवत बसलेले एक म्हातारे मामा हे सगळं बघत होते. ते जवळ आले. मला वाटलं, फोटो दाखवा म्हणतील. ते म्हणाले, "हे काय करू लागले तुम्ही, बाई? ती पाखरं रातभर हिंडून बसायला येतात. बोलावलं तर बसू तरी द्यायचं."

बस्स, एवढंच. चिडले नाहीत, लेक्चर दिलं नाही. वळले आणि जाळ्यापाशी गेले. मी तेव्हा खांदे उडवले. त्याच रात्री फोटोला नाव दिलं 'स्वागत', आणि ते नाव किती निर्लज्ज आहे हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

कळलं ते कित्येक महिन्यांनी, आणि तेही अजिंठ्याला. दिवाळीत घरी पाहुणे आले म्हणून त्यांच्याबरोबर गेले होते. जिल्ह्यातच असूनही एरवी आपण जातो कुठे! सतराव्या लेण्यात गाइड एका चित्राजवळ थांबले आणि म्हणाले, हे हंसजातक. गोष्ट अशी. वाराणसीच्या राणीला सोन्याच्या हंसाचं स्वप्न पडतं. तो मिळवायचा कसा? राजा एक सुंदर तळं खोदून घेतो, खायला भरपूर ठेवतो आणि जाहीर करतो, इथे सर्व पक्ष्यांना अभय आहे. आणि गुपचूप एक पारधी नेमतो. पक्षी येतात, सुखात राहतात, ही बातमी दूरच्या हंसांपर्यंत जाते. हंसांचा राजाही थवा घेऊन येतो आणि त्याचा पाय फाशात अडकतो. पण तो लगेच ओरडत नाही. आपण ओरडलो तर सगळे उपाशी पळतील, म्हणून त्यांचं खाणं होईपर्यंत तो गप्प राहतो. मग थवा उडतो, पण सुमुख नावाचा त्याचा सेनापती त्याला सोडून जात नाही. ते पाहून पारध्याचंच मन विरघळतं आणि तो फास सोडतो.

पंधराशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका डोंगरात कोणीतरी हे रंगवून ठेवलंय! सगळ्यात मोठा डिकॉय म्हणजे ते तळंच. 'अभय आहे' ही घोषणा म्हणजे झेंडा. मी तिथे उभी होते आणि मला ते मामा आठवले. नाथसागरसुद्धा माणसानेच बांधलेलं तळं आहे की. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं, आणि १९८६ मध्ये आपण त्याला पक्षी अभयारण्य जाहीर केलं. अभयारण्य! शब्दातच अभय आहे. घोषणा आपण केली. पक्ष्यांनी ती मानली. आणि त्याच तळ्याच्या काठावर मी झुडपात लपून झेंडा हलवत होते.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि माझ्या रूमवर तर रोजच म्हणतात, "अगं पण तू मारलं कुठे? नुसता फोटो तर काढला. एवढं काय त्यात?"

मीही स्वतःला हेच सांगत होते. म्हणून याचं उत्तर नीट देते.

पहिली गोष्ट, उडणं फुकट नसतं. फेब्रुवारीच्या शेवटी हे पक्षी परतीच्या तयारीत असतात. अंगात चरबी साठवायची, मग हिमालय. रात्री खाल्लेलं दिवसा शांत बसून जिरवायचं असतं. त्यात एका फोटोसाठी शेकडो पक्ष्यांना दोन-तीन किलोमीटर पळवणं म्हणजे प्रवासाला निघालेल्याच्या टाकीतलं पेट्रोल काढून घेणं. एकदा केलं तर हंस मरणार नाही, मान्य. पण रविवारी तिथे किती कॅमेरे असतात? कोणी मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवतं, कोणी ड्रोन थव्यात घालतं, कोणी 'फ्लाइट शॉट'साठी दगड मारून थवा उठवतं. प्रत्येकाचं म्हणणं तेच, मी एकदाच केलं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. ज्यांना आपण सरसकट क्रूर म्हणतो त्या शिकाऱ्यांनी निदान स्वतःला नियम घालून घेतलेत. अमेरिकेत एकेकाळी पाळीव जिवंत हंस बांधून ठेवून त्यांच्या हाकेवर रानातले हंस बोलवायचे. १९३५ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, दाणे टाकून बोलवण्यावरही घातली. कारण पक्ष्याला काही संधीच उरत नव्हती. झेंडा चालतो, पण सीझन ठरलेला, किती मारायचे तो आकडा ठरलेला. १९३४ पासून प्रत्येक शिकाऱ्याला एक खास तिकीट विकत घ्यावं लागतं आणि तो पैसा पाणथळ जागा राखायला जातो. मला शिकार पटत नाही. पण कुठली फसवणूक चालेल आणि कुठली नाही, हा प्रश्न बंदूकवाल्यांनी स्वतःला विचारला. कॅमेरेवाल्यांनी विचारलाय का? आमच्या स्पर्धेच्या फॉर्मवर नाव, वर्ष, ब्रँच, कॅमेरा एवढंच होतं. फोटो कसा मिळवला, हा रकानाच नव्हता.

नियम नसले की काय होतं, तेही आपल्या देशाने पाहिलंय. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. आकडा दगडावर कोरून ठेवलाय. तेव्हा ती अभिमानाची गोष्ट होती. कोणाला तरी तेव्हाही लाल रिबीन मिळालीच असणार.

तिसरी गोष्ट लिहायला अवघड आहे. आपल्या भागात ही विद्या नवी नाही. फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून हरणापर्यंत पोचायचे. गाय चरत चरत सावकाश पुढे जायची, हरणाला तिची भीती नाही, आणि माणूस तिच्या मागे. पिंजऱ्यातल्या तितराच्या हाकेवर रानातले तितर बोलवायचे. पक्ष्यांची नजर, वारा, वेळ यांचं हे ज्ञान कुठल्याही इंजिनिअरिंगपेक्षा कमी नव्हतं आणि ते पोटासाठी होतं. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कागदावरून पुसला, लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. आता तुलना बघा. पोटासाठी फासा लावणारा सापडला तर आत जातो. रिबीनसाठी झेंडा हलवणारी मी स्टेजवर जाते, प्राचार्यांच्या हस्ते सर्टिफिकेट घेते, वर टाळ्या!

कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, फासे लावणं, हाकारा करून पिटाळणं, आमिष दाखवणं, आणि यांचा प्रयत्न करणंसुद्धा शिकारच. अभयारण्यात प्राण्यांना छेडायलाही मनाई आहे. माझा झेंडा यात कुठे बसतो ते वकील सांगतील. मला मात्र तो बसतो असंच वाटतं.

जाता जाता एक आगाऊ विचार. ॲडमिशनच्या सीझनला आपल्या शहरात फिरून बघा. चौकाचौकात फ्लेक्स. हसणारे टॉपर, खाली रँक, खाली पॅकेज. आम्ही सगळे त्या फ्लेक्सकडे बघतच इथे उतरलोय ना? 'आपल्यासारखे तिथे उतरले, ते सुखात दिसतायत, म्हणजे जागा चांगली.' हंसांचंच लॉजिक. सगळेच फ्लेक्स खोटे नसतात, तसे सगळेच उतरणारे हंसही खोटे नसतात. पण हलवणारा हात कोणाचा आहे, हे एकदा खाली वाकून बघायला हरकत नाही. शिकारी तरी जवळ आल्यावर झेंडा बंद करतो, हे लोक फी भरल्यावर बंद करतात. (ही ओळ संपादकांनी कापली नाही तर समजा आपलं कॉलेज चांगलं आहे.)

पण मी निराश होऊन हा लेख लिहीत नाहीये. डिकॉय हे तंत्र वाईट नाही, तंत्र कधीच एकटं वाईट नसतं. अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्यावर ईस्टर्न एग रॉक नावाचं छोटं बेट आहे. शिकारीमुळे तिथले पफिन हे पक्षी संपले होते. १९७३ पासून स्टीफन क्रेस नावाच्या माणसाने तिथे दुसरीकडून पिल्लं आणून वाढवली. ती समुद्रात निघून गेली, परत येतील की नाही कोणालाच ठाऊक नाही. मग १९७७ मध्ये त्याने बेटावर लाकडी पफिन उभे केले, की परतणाऱ्यांना वाटावं, इथे आपली माणसं आहेत. पक्षी उतरले. १९८१ मध्ये तिथे पुन्हा घरटी झाली. खोटे पक्षी वापरून त्याने खरी हाक मारली, आणि उतरलेल्यांना बसू दिलं! त्या मामांच्या कसोटीवर हा माणूस पास.

आणि आपल्या शहरात दिल्ली गेटजवळ जे तळं आहे, ते ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते सलीम अलीसुद्धा लहानपणी छर्ऱ्याची बंदूक घेऊन चिमण्या मारत हिंडायचे. मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कुठली म्हणून विचारायला १९०८ मध्ये ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून पुढचं आयुष्य पक्ष्यांचं झालं. म्हणजे सुरुवात चुकीची असली तरी चालतं. मात्र हातातल्या चिमणीकडे नीट बघावं लागतं.

म्हणून मी काय केलं ते सांगते, आणि काय व्हावं असं वाटतं तेही.

लाल रिबीन आणि सर्टिफिकेट मी फोटो क्लबच्या सरांकडे परत दिलंय. सर आधी म्हणाले, "कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" मग थोडं थांबून म्हणाले, "मॅगझिनमध्ये लिही." म्हणून लिहिलं. दुसऱ्या नंबरचा फोटो हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशींच्या हातांचा होता, पोळी लाटतानाचा. तो खरंच माझ्यापेक्षा चांगला होता.

स्पर्धेच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: 'हा फोटो कसा मिळवला?' पक्षी-प्राण्यांच्या फोटोसाठी आवाज वाजवणं, दाणे टाकणं, झेंडा, दगड, ड्रोन हे चालणार नाही असं स्पष्ट छापा. खोटं लिहिणारे लिहितील. पण लिहिताना हात एकदा तरी अडखळेल. माझा नक्की अडखळला असता.

नाथसागरावर ग्रुपने जाणाऱ्यांनो, जरूर जा. लांबून बघा, दुर्बीण न्या, कॉलेजच्या लॅबमधली न्या हवी तर. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, तो हॉस्टेलच्या कपाटातच राहू द्या. बसलेला थवा बसलेलाच राहिला तर ट्रिप यशस्वी झाली असं समजा.

आणि शेवटचं, जे आम्ही सगळेच विसरलो होतो. काकांचा हरभरा. हंसांवर प्रेम करायला आपलं काय जातं? शेंडे त्यांच्या शेतातले जातात. मी फोटोसाठी पाखरं बोलावली, त्याची किंमत मी दिली नाही, आणि ती पाखरं जगवतात त्याची किंमत काका देतात. ज्युनिअर्सपैकी कोणाला मिनी प्रोजेक्टला विषय हवा असेल तर आमची मोटर, टायमर आणि फसलेला रिपोर्ट आमच्या रूममध्ये आहे. रोज तीच फडफड नको, वेळ आणि जागा बदलत राहणारं काहीतरी करा. पाण्याकडे विश्रांतीला बसलेल्यांना त्रास न देता फक्त पिकातून उठवणारं. अवघड आहे, म्हणून तर प्रोजेक्ट आहे.

या वर्षी जानेवारीत मी पुन्हा गेले होते. झेंडा नव्हता. तीन तास बसले. हंस आले आणि माझ्यापासून इतक्या लांब उतरले की फोटोत नुसते करडे ठिपके. मामा नाव बांधत होते. मी म्हटलं, "मामा, आज नाही बोलावलं हं." त्यांनी ओळखलं की नाही कोण जाणे, हसले मात्र.

तो ठिपक्यांचा फोटो स्पर्धेला देणार नाहीये. ज्यांना बघायचा असेल त्यांनी सुट्टीच्या दिवशी आमच्या हॉस्टेलच्या व्हिजिटर्स रूममध्ये यावं, माझ्या मराठीतल्या चुका दाखवायच्या असतील तर त्यांनीही. चहा पाजीन. आणि बोलावलंय म्हटल्यावर बसूही देईन!